कॅम्परव्हॅनचं वायरिंग उंदरांनी खाल्लंय : जोड मारू की सगळं नवं ओढू?

रानवाट
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आम्ही मुलुंडला राहतो. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली एक सेकंडहँड कॅम्परव्हॅन घेतलेली आहे. दोन बंक, छोटा ओटा, सिंक, १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज, छतावर सोलर पॅनल, आतल्या वापराला १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १००० वॉटचा इन्व्हर्टर आणि बाहेरच्या प्लगवरून चार्ज करायला २३० व्होल्टचं कनेक्शन. पावसाळाभर गाडी सोसायटीच्या कुंपणाला लागून ताडपत्रीखाली उभी होती. आता दिवाळीत कोकणात जायचंय म्हणून उघडली, तर छतावरचे दिवे लुकलुकतात आणि फ्रिज सुरू होतो, गुरगुरतो आणि थोड्या वेळाने ‘व्होल्टेज कमी’चा इशारा देऊन बंद पडतो. बंकची फळी उचलली तर खाली लेंड्या, कुरतडलेला थर्माकोल आणि वायरींचं सालपट निघालेलं. तांबं उघडं दिसतंय. मूळ वायरिंग ज्याने केलं त्याने सगळीकडे लाल वायर वापरलीय, अगदी निगेटिव्हलासुद्धा. ठिकठिकाणी काळी टेप, आणि तीही आता चिकट होऊन ओघळलीय.

एक जण म्हणतो पूर्ण वायरिंग काढून नवं करा. सांगितलेला आकडा ऐकून बायको म्हणाली, तेवढ्यात विमानाने जाऊन येऊ. दुसरा म्हणतो अर्ध्या तासात जोड मारून देतो. दोघांवरही विश्वास बसत नाही. जाणकारांनी सांगा.

मिरचीभजी
बाप्पा गेले, वाहन इथेच पार्क करून गेले.

लोकलकर
😂 आणि पार्किंग फी वायरीत वसूल केली.

शंकासूर
फोटो टाका. आणि फ्यूज कुठे आहेत ते दिसतंय का? की फ्यूजच नाहीत, असं गृहीत धरायचं?

निवृत्त_नाविक
रानवाट, आधी एक करा. कोणालाही जोड मारायला बोलावण्याआधी गाडी पूर्ण ‘मेली’ आहे याची खात्री करा. आयुष्य जहाजावर वायरी हाताळण्यात गेलं. गाडीतल्या घराचं वायरिंग आणि बोटीचं वायरिंग यात फारसा फरक नाही, गाडी बुडत नाही एवढाच. पावसाळ्यात मुंबईत तेही छातीठोक सांगता येत नाही म्हणा.

क्रम असा. बाहेरचा २३० चा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून थांबू नका. मग इन्व्हर्टर बंद. लोक हे विसरतात. बाहेरचा प्लग काढला तरी इन्व्हर्टर चालू असेल तर आतल्या सॉकेटात २३० व्होल्ट जिवंत असतात आणि त्यांनी माणूस मरतो. मग सोलर पॅनलची वायर कंट्रोलरपासून सोडवा. पॅनल आधी, बॅटरी नंतर. परत जोडताना उलट. पॅनलवर ऊन पडलं की तो वीज देतोच, त्याला बंद करायचं बटण नसतं. सगळ्यात शेवटी बॅटरीचं निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण लिथियम बॅटरीच्या दोन टोकांत पाना आडवा पडला तर तो लालबुंद होतो. अंगठी असली तर बोट.

हे झालं की मग बोलू.

भटकभवानी
नाविककाकांच्या यादीच्याही आधी एक. हातमोजे आणि मास्क घाला! आपल्याकडे पावसाळ्यात दर वर्षी लेप्टोचे रुग्ण निघतात, आणि ते जिवाणू उंदराच्या मुतातून येतात. बोटाला साधा ओरखडा असला तरी पुरतो. आणि वायरीच्या टोकांनी ओरखडा येणारच. लेंड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. ब्लीचचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा आणि फडक्याने पुसून फडकं फेकून द्या. बॅटरी सुटलेली असतानाच हे करायचं, आणि उघड्या तांब्यावर ब्लीच ओतायचं नाही.

मिरचीभजी
आता मला कोकणात जायचीच भीती वाटायला लागली.

खटपट्या
कुर्ल्याला गॅरेज आहे, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. पावसाळ्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत उंदराची केस नित्याची. सरळ सांगतो : सगळं नवं ओढायची गरज बहुतेक वेळा नसते आणि अर्ध्या तासात जोड मारून द्यायची हमी देणारा माणूसही नको. माझा नियम असा : जिथे हात पोचतो, डोळ्यांना दिसतं आणि पुढच्या वर्षी परत उघडता येईल, तिथे जोड चालेल. पॅनलच्या मागे, छताच्या अस्तरात, फोमच्या खाली जोड नको. तिथे टोकापासून टोकापर्यंत अखंड वायर.

आणि जोड म्हणजे पिळून टेप मारणं नव्हे. ती काळी टेप उन्हात उभ्या गाडीत वितळते, गोंद बाहेर येतो, धूळ चिकटते. तुमच्याकडे तेच झालंय. वायरच्या मापाचा बट कनेक्टर (दोन टोकं समोरासमोर जोडणारी धातूची नळी), तो दाबून बसवायला रॅचेटवाला क्रिम्पिंग पाना, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला की समजायचं पाणी आत जात नाही. क्रिम्प केल्यावर दोन्ही वायरी जोरात ओढून बघायच्या. निघाली तर आत्ताच निघालेली बरी.

पक्कडीने चेपलेलं क्रिम्पिंग चालत नाही. ॲक्सेसरीवाले ते निळे चिमटा-कनेक्टर लावतात ना, चालू वायरीवर दाबले की पातं आत घुसतं, तेही नको. पातं तारांचे अर्धे पदर कापतं आणि दमट हवेत वर्षभरात तिथे हिरवं होतं.

गिरगावकर
खटपट्या, सगळं पटलं, पण सोल्डरचं नाव नाही? आम्ही आयुष्यभर रेडिओ, टीव्ही, ॲम्प्लिफायर सोल्डरवर दुरुस्त केले. नीट केलेला सोल्डर जोड क्रिम्पपेक्षा पक्का असतो. क्रिम्प हा आळशी माणसाचा उपाय.

खटपट्या
काका, टीव्ही कधी खड्ड्यातून गेला का? 🙂 सोल्डर वायरीच्या पदरांत वर चढतो. जिथपर्यंत चढला तिथपर्यंत वायर काडीसारखी कडक, पुढे मऊ. गाडी हलली की त्याच सीमेवर वाकते आणि तुटते. वरून साल अखंड असतं, त्यामुळे आतलं तांबं तुटलेलं दिसतही नाही. शिवाय जास्त करंटने जोड तापला तर सोल्डर मऊ पडतं. गाडीचे मूळ हार्नेस (कंपनीने बसवलेले वायरींचे जुडगे) बघा, बहुतेक सगळीकडे क्रिम्पच.

गिरगावकर
जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधली, लोंबकळत ठेवली नाही, तर तुटायचं कारण नाही. हलत्या वायरीचा दोष सोल्डरच्या माथी मारताय.

निवृत्त_नाविक
दोघंही बरोबर. वायर बांधलेली असेल तर सोल्डरही टिकतो. पण बंकखाली पालथं पडून, घाम डोळ्यात जातोय, एका हातात इस्त्री आणि दुसऱ्यात बॅटरी, अशा अवस्थेत चांगला सोल्डर करणारे मी फार थोडे पाहिले. क्रिम्पला पाना चांगला असला की काम होतं. वायर मात्र काहीही केलं तरी बांधाच. वीतभर-दीड वीत अंतरावर क्लिप, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग). पत्र्याची धारच साल कापते, उंदीर बिचारा निमित्त.

लोकलकर
इस्त्री?

गिरगावकर
सोल्डरिंग आयर्न हो. कपड्यांची नव्हे.

रानवाट
सगळ्यांचे आभार. नाविककाका, तुम्ही सांगितलं त्या क्रमाने सगळं सोडवलं. ताई, हातमोजे घातले होते. शंकासूर, फ्यूज बॉक्स सापडला, सिंकखाली. दिव्यांच्या सर्किटला ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज आहे. पाण्याच्या पंपाच्या फ्यूजच्या जागी नुसती तांब्याची तार पिळून बसवलीय. आणि बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत येणाऱ्या जाड वायरला काहीच नाही.

शंकासूर
वाटलंच होतं. उंदरांपेक्षा तो तारवाला जास्त घातक.

ओहमकार
शिकवायची सवय आहे, तेव्हा थोडं लांबेल. फ्यूज उपकरणाला वाचवायला असतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे. तो वायरीला वाचवायला असतो. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो आणि जागा उगमापाशी, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत. बॅटरी आणि पहिला फ्यूज यांच्यातली वायर ही गाडीतली सर्वांत धोकादायक वायर, कारण ती कुठे घासली, कुरतडली गेली तर तिला थांबवणारं कोणी नाही. रानवाट, तुमच्याकडे ती अख्खी वायर तशीच आहे. बाकी काही करा न करा, ते आधी करा.

दिव्यांच्या बारीक वायरीला ३० अँपिअरचा फ्यूज म्हणजे वायर पेटेल पण फ्यूज शाबूत राहील. एलईडी दिवे सगळे मिळून दोन-तीन अँपिअर ओढत असतील. तिथे ५ चा पुरे, ७.५ चालेल. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, हे रंग पात्याच्या फ्यूजना ठरलेले असतात, त्यामुळे बॉक्सकडे नुसतं बघूनही कळतं की आधीच्या माणसाने काय घोळ घातलाय.

आता फ्रिजचं. घरी ६० वॉटचं उपकरण २३० व्होल्टवर पाव अँपिअर ओढतं. तेच ६० वॉट १२ व्होल्टवर ५ अँपिअर. त्यात बॅटरीपासून फ्रिज ७ मीटर असेल, तर जाणं-येणं मिळून १४ मीटर वायर. तांब्याचा रोध दर मीटरला ०.०१७५ भागिले वायरीचं चौरस मिलिमीटरमधलं माप. १.५ ची वायर असेल तर एकूण रोध ०.१६ ओहम, ५ अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च. ४ ची वायर घातली तर ०.३. घरात ०.८ व्होल्ट गेले तर पत्ताही लागत नाही, १२ मधून गेले तर जवळपास सात टक्के गेले. फ्रिजचा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर आणखी ओढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि कंट्रोलर घाबरून बंद करतो. बॅटरी भरलेली असली तरी.

मिरचीभजी
सर, परीक्षेला आहे का हे?

ओहमकार
पाच मार्कांना.

वाटाण्याच्याअक्षता
सगळं वायरिंग बदलून टाका. कटकट नको.

शंकासूर
धागा न वाचता प्रतिसाद देणाऱ्यांचं वेगळं सर्किट करून त्यावर ५ चा फ्यूज टाकायला हवा.

भटकभवानी
😂😂

सरांचं बरोबर आहे, पण रानवाट, कागदावर मांडू नका, मोजा. आमच्या व्हॅनमध्ये मी हेच केलं होतं. साधा मल्टिमीटर पुरतो. अट एकच, उपकरण चालू असताना मोजायचं. बंद असताना सडलेल्या वायरीतूनही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तिच्यातून करंटच वाहत नसतो. कुरतडलेल्या वायरीचा एक पदर शिल्लक असला तरी बीप वाजते आणि माणूस म्हणतो, वायर चांगली आहे!

फ्रिजच्या आसपासचं उघडं तांबं आधी झाका, बाकीच्या सर्किटचे फ्यूज काढून ठेवा, बॅटरीपाशी तो मोठा फ्यूज बसवा आणि मग फक्त फ्रिज चालवा. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी फ्रिजच्या पॉझिटिव्हवर : जो आकडा येईल तो पॉझिटिव्ह वाटेत गेलेला. तसंच निगेटिव्हचं. मीटरच्या तारा पोचत नाहीत, मग एक लांब वायर जोडून वाढवायची. कुठली बाजू खातेय ते लगेच कळतं.

खटपट्या
हे बेस्ट. आणि मी पैज लावतो, निगेटिव्ह निघणार.

लोकलकर
पैज कशाची? वडापाव?

खटपट्या
मिसळ. ठाण्याची.

लोकलकर
ठाण्याची मिसळ की दादरची हा वेगळा धागा काढा, इथे पाचशे प्रतिसाद होतील आणि वायर तशीच राहील.

सायलेंटवाचक
वायर कुठून घ्यायची हे कोणीच लिहिलं नाही. लोहार चाळीत सगळ्या मापांची मिळते, पण भाव फारच कमी सांगितला तर खिशातून ब्लेड काढून टोक खरवडा. वरून तांबूस आणि आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. तिचा रोध जास्त, क्रिम्पखाली दबून सैल होते. उलट वरून चंदेरी आणि आतून तांबूस निघाली तर ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची, म्हणजे उत्तम. समुद्राजवळच्या हवेत तीच टिकते. बोटींना तीच वापरतात, नाविककाका सांगतीलच. फ्यूज होल्डर, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं, बोल्टसाठी भोक असलेलं टोक), हीट श्रिंक, मीटर हे लॅमिंग्टन रोडला.

घरच्या वायरिंगची वायर वापरावी की नाही यावर वाद आहेत. आत, गार जागी, बारीक पदरांची असेल आणि माप बरोबर असेल तर मला तरी चालते. इंजिनाजवळ अजिबात नको. साध्या पीव्हीसीचं साल ७० अंशांपर्यंतचं असतं, बॉनेटखाली ते टिकत नाही.

निवृत्त_नाविक
सांगतोच. कथिलवाली महाग पडते, पण फ्रिज, पंप आणि बॅटरीचे मुख्य पट्टे एवढ्यांना तरी तीच घ्या. आणि लाल-काळा हा भेद पाळा. सगळं लाल करणाऱ्या इसमाला आमच्या जहाजावर पहिल्याच बंदरात उतरवलं असतं.

इन्शुरन्सवाली
थोडं रुक्ष बोलते. १२ व्होल्टचं आतलं काम दुरुस्त करणं वेगळं आणि गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये टॅप मारणं वेगळं. मूळ हार्नेस कापलेला दिसला की आगीच्या क्लेममध्ये सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवतो. गाडी आरसीवर काय म्हणून नोंदलीय तेही बघा. मोटर व्हेईकल ॲक्टच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापलीकडचा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सेकंडहँड घेतलेल्यांनी कागद तपासलेले असतीलच, असं समजते. कामाची बिलं आणि फोटो जपून ठेवा.

रानवाट
आरसीवर कॅरॅव्हॅन अशीच नोंद आहे, तेवढं बघूनच घेतली होती. बाकी मूळ हार्नेसला हात लागलेला दिसत नाही.

आता आकडे. बॅटरीजवळ मोठा फ्यूज बसवला, मग फ्रिज एकटा चालवला. बॅटरीवर १३.१. फ्रिजच्या टोकांवर ११.३. पॉझिटिव्ह वाटेत ०.५ गेले. निगेटिव्हमध्ये १.३!

निगेटिव्हची वायर फ्रिजपासून जेमतेम हातभर जाऊन मागच्या चाकाच्या वर चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) एका बोल्टने पकडलीय. बोल्टखाली रंग न खरवडताच लग बसवलाय. लग उचलला तर खाली तांबूस गंज, कडेला हिरवी पावडर, आणि वॉशर बोटांनी चुरगळला. फ्रिज थोडा वेळ चालल्यावर हात लावला होता तर तो बोल्ट चक्क कोमट. म्हणजे फ्रिजचा उंदरांशी काही संबंधच नव्हता.

खटपट्या
मिसळ.

ओहमकार
१.३ गुणिले ५, साडेसहा वॉट. तेवढी उष्णता एका वॉशरखाली. कोमट लागणारच. कंप्रेसर सुरू होतानाचा करंट धरला तर त्या क्षणी याच्या कितीतरी पट.

शंकासूर
मग दोन्ही मिस्त्री चुकले. एक सगळं बदलणार होता, पण त्या बोल्टवरच परत लग बसवला असता आणि फ्रिज तसाच कण्हत राहिला असता. दुसरा जोड मारून निघून गेला असता. फ्रिजचा आजार दोघांनीही बघितला नाही.

खटपट्या
म्हणूनच मी पैज लावली. वरळी, दादर, वसई, कुठलीही खारी हवा घ्या, बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याला दिलेली निगेटिव्ह जोडणी) आधी जातो. इलाज सोपा आहे. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, नवा कथिलवाला लग, दातेरी वॉशर, नवा बोल्ट, घट्ट आवळा आणि सगळं झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर. आधी जेली लावून मग आवळू नका. त्याहून बरं म्हणजे चासीचा नादच सोडा. काळी ४ ची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह बसबारपर्यंत (सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत) आणा. लांबी सात मीटर, खर्च फार नाही.

गिरगावकर
इथे मी सहमत. चासी म्हणजे फुकटची वायर असं लोकांना वाटतं. फुकटचं ते फुकटचंच.

भटकभवानी
आणि दिव्यांचं? ते खरोखर उंदरांनीच केलंय ना?

रानवाट
हो. तीन ठिकाणी. दोन बंकखाली हात पोचतात अशी. तिसरं छताच्या पॅनलमागे कुठेतरी, कारण पुढच्या दिव्यांपर्यंत वीज पोचतच नाही.

खटपट्या
मग पहिल्या दोन ठिकाणी जोड, तिसऱ्या तुकड्याला अखंड नवी वायर. पॅनल उघडू नका. जुन्या वायरीच्या एका टोकाला नवी वायर आणि सोबत एक नायलॉनची दोरी घट्ट बांधून दुसऱ्या टोकाने हळूहळू ओढा. वळणावर अडकली तर जबरदस्ती नको, मागे घ्या, थोडी टाल्कम पावडर लावा, परत ओढा. दोरी आतच राहू द्या, पुढच्या वेळी उपयोगी पडते. जुनी वायर क्लिपांत अडकून निघालीच नाही तर दोन्ही टोकं कापून स्लीव्हने बंद करा आणि चिठ्ठी लावा : ‘बंद’. नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी उत्साही माणूस त्याला वीज देईल.

ओहमकार
दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावाच. आणि सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवा. कुठला फ्यूज कशाचा, वायर किती मापाची.

सायलेंटवाचक
२३० च्या बाजूचं कोणी बोलत नाही. त्या वायरीही चावलेल्या असतील तर?

निवृत्त_नाविक
चावलेली २३० ची वायर असेल तर जोड नाही, वादही नाही. तो तुकडा टोकापर्यंत नवा, आणि परवानाधारक वायरमनकडून. आत यायच्या जागीच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे. सोसायटीच्या ज्या सॉकेटवर लावता तिथे अर्थिंग खरंच आहे का तेही तपासून घ्या. पत्र्याची गाडी, ओली जमीन आणि अर्थ नसलेला प्लग, यात दार उघडणारा माणूस मधे सापडतो.

आणि तो १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला बॅटरीतून ९०-१०० अँपिअर ओढतो. त्याची वायर २५ किंवा ३५ चौरस मिलिमीटरची हवी, शक्य तितकी आखूड, आणि तिला स्वतंत्र मोठा फ्यूज.

लोकलकर
म्हणजे इंडक्शनवर पोळ्या विसरा.

भटकभवानी
गॅसवर करा ना. २००० वॉटचं इंडक्शन त्या इन्व्हर्टरवर लावलंत तर तो सुरूच होणार नाही.

मिरचीभजी
मूळ गुन्हेगाराचं काय? आमच्याकडे बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात. उंदीर पळतो की व्यसनी होतो, कळायला मार्ग नाही.

खटपट्या
तंबाखू, डांबरगोळ्या, पुदिन्याचा स्प्रे सगळं आठवडाभर. वास उडाला की मंडळी परत. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, काहीतरी कुरतडावंच लागतं त्याला. खाली पत्र्यात वायरी आत यायची जी भोकं असतात तिथे स्टेनलेसची बारीक जाळी बसवा, कडा सिलिकॉनने बंद करा. करंगळी जाईल तेवढ्या भोकातून पिल्लू आत येतं. खालून जाणाऱ्या वायरींना धातूचा लवचीक पाइप. प्लॅस्टिकचा नालीदार पाइप तो चवीने खातो.

भटकभवानी
आणि गाडीत बिस्किटांचा पुडा ठेवून पावसाळा काढू नका. कोरडे कपडे, स्पंज, थर्माकोल यांचंच घरटं होतं. ताडपत्री जमिनीपर्यंत सोडू नका, त्याला आयता तंबू मिळतो. आणि महिन्यातून एकदा तरी गाडी हलवा.

रानवाट
ताडपत्री जमिनीपर्यंतच होती. शिवाय ओट्याखालच्या कपाटात मुरमुऱ्यांचा डबा निघाला, झाकण कुरतडलेला.

तर ठरलं ते असं. निगेटिव्ह बसबारपर्यंत नवी काळी वायर, फ्रिजची पॉझिटिव्ह तीही ४ ची, दिव्यांना दोन जोड आणि एक अखंड तुकडा, सगळे फ्यूज वायरीप्रमाणे. पंपाची पिळलेली तार आजच काढून टाकली. २३० च्या बाजूला दात लागलेले दिसले नाहीत, पण आरसीसीबीच नाहीये, तो वायरमनकडून बसवून घेणार. बाकीचं मी आणि मुलगा करू. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय, क्रिम्पिंग पाना कुठल्या मापाचा घेऊ?

खटपट्या
दोन लागतील. बारीक वायरींना ०.५ ते ६ वाला रॅचेट. बसबारच्या आणि इन्व्हर्टरच्या जाड लगना वेगळा हायड्रॉलिक. तो विकत घेऊ नका, कुर्ल्याला या, माझ्याकडे आहे, पाच मिनिटांत दाबून देतो. लग आणि वायर घेऊन या, लांबी आधी मोजून, हातभर जास्तीची ठेवून.

गिरगावकर
आणि शनिवारीच जा. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, उगाच हेलपाटा पडेल.

लोकलकर
येताना मिसळ.